ताप गेला, थकवा राहिला

दुखणे हत्तीच्या पावलांनी येते आणि मुंगीच्या पावलांनी जाते, असे आपल्याकडे म्हणतात. परंतु काही दुखणी मुंगीच्या पावलांनीही जात नाहीत. ताप उतरतो, तपासणीत काही सापडत नाही, आणि तरी थकवा सहा सहा महिने हटत नाही. विश्रांतीने तो जात नाही. थोडे श्रम झाले की रोगी दुसऱ्या दिवशी पुन्हा अंथरूण धरतो. मग घरचेच लोक त्याला आळशी म्हणू लागतात. हा आरोप खरा आहे काय, एवढाच प्रश्न आम्ही येथे घेतला आहे.

वैद्यकानेही असा आरोप केलेला आहे. १९५५ साली लंडनच्या रॉयल फ्री रुग्णालयात सुमारे तीनशे माणसे, बहुतेक तेथील कर्मचारीच, अशा एका साथीने आजारी पडली. १९७० साली दोन मानसोपचारतज्ज्ञांनी जुन्या नोंदी चाळून तो सामूहिक उन्माद ठरवला.

मागाहून असे नुसते तर्कच करता येतात. म्हणून ऑस्ट्रेलियातील डब्बो गावच्या परिसरात संशोधकांनी २५३ रोग्यांचा तापाच्या आरंभापासूनच मागोवा घेतला. कोणाला एपस्टीन-बार विषाणूचा ग्रंथिज्वर होता, कोणाला डासांमुळे पसरणारा रॉस रिव्हर ज्वर, तर कोणाला गुराढोरांपासून येणारा क्यू ज्वर. हा शेवटचा विषाणूचा नव्हे, जिवाणूचा. सहा महिन्यांनी २८ जण, म्हणजे नवांत एक, दीर्घ थकव्याच्या व्याधीत सापडलेले दिसले. निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाला. वय, लिंग, जंतूचा प्रकार किंवा पूर्वीचा मानसिक आजार यांवरून रोगी कोण होणार हे सांगता येत नव्हते. आरंभीचे दुखणे जितके तीव्र, तितका धोका अधिक, एवढे मात्र स्पष्ट झाले.

स्त्रियांविषयी मात्र सर्व अभ्यासांचे एकमत नाही. शिकागोकडील अभ्यासात (२००९) ग्रंथिज्वर झालेल्या ३०१ किशोरवयीनांपैकी १३ जणांना दोन वर्षांनंतरही ही व्याधी होती, आणि त्या साऱ्या मुलीच होत्या.

या थकव्याचे मूळ कारण अद्याप निश्चित झालेले नाही. तरी रोग्याचा स्वभाव हे त्याचे कारण म्हणण्यास डब्बोने आधार ठेवला नाही. २०२१ साली ब्रिटनच्या अधिकृत मार्गदर्शिकेनेही ठरावीक क्रमाने व्यायाम वाढवीत नेण्याचा उपचार वगळला व शक्ती पाहून श्रम करावेत असे सांगितले. तेव्हा ज्याचे दुखणे भारी, त्याला उठण्याची घाई करू नये, आणि तो उठला नाही तर त्याला बोल लावू नये, एवढे तरी आपल्या हाती आहे.