लोकाचार, विवेक आणि नीतिविचार

पुण्यातील पंचहौद मिशनमध्ये १८९० सालच्या ऑक्टोबर महिन्यात एक व्याख्यान झाले आणि त्यानंतर जमलेल्या मंडळींपुढे ख्रिस्ती यजमानांनी चहा व बिस्किटे ठेवली. कोणी चहा घेतला, कोणी यजमानांचा मान राखण्यापुरता पेला हाती धरून तसाच खाली ठेवला. मंडळींत महादेव गोविंद रानडे होते, बाळ गंगाधर टिळकही होते. पुढे गोपाळराव जोशी यांनी उपस्थितांची नावे ‘पुणेवैभव’ पत्रातून प्रसिद्ध करविली, सनातनी पक्षाने शंकराचार्यांकडे फिर्याद नेली, आणि चौकशीसाठी पीठाकडून दोन शास्त्री पुण्यास रवाना झाले. हे पंचहौद ग्रामण्य महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासात सर्वपरिचित आहे. परंतु समाजाची रूढ नीती, व्यक्तीची सदसद्विवेकबुद्धी आणि या दोहोंची झडती घेणारे नीतिशास्त्र, या नेहमी एकत्र कालविल्या जाणाऱ्या तीन गोष्टी या एका प्रकरणात जितक्या स्पष्टपणे विलग दिसतात, तितक्या त्या ग्रंथांतील व्याख्यांतही क्वचितच दिसतात, म्हणून ते येथे पुनश्च उकलून पाहावयाचे आहे.

शास्त्र्यांपुढील प्रश्न अगदी आटोपशीर होता: अमुक गृहस्थाने ख्रिस्त्याघरी चहा घेतला किंवा नाही, आणि घेतला असल्यास त्यास प्रायश्चित्त कोणते? त्या पेल्याने कोणाचे काय नुकसान झाले, ही विचारणा त्या चौकशीच्या कक्षेतच येत नव्हती. रूढ नीतीचे स्वरूपच असे असते. नियम मोडला की नाही एवढेच ती पाहते, आणि नियमामागील कारण विचारणारा तिला नियम मोडणाऱ्याइतकाच दोषी वाटतो. तिचा अंमल मात्र कागदी नसतो. बहिष्काराची झळ लागलेल्या घरी मुंज वा विवाह ठरला, तर पौरोहित्यास भिक्षुक मिळत नसे, पंक्तिव्यवहार बंद होई, आणि ज्यांनी त्या चहाचा वासही घेतला नव्हता अशा आयाबहिणींना माहेर तुटण्याचा प्रसंग येई. तथापि लोकाचाराला सर्वस्वी तुच्छ लेखणे हाही अन्यायच होईल. दारी आलेल्या भुकेल्याला अन्न द्यावे, घेतलेले कर्ज फेडावे, वृद्ध मातापित्यांना अंतर देऊ नये, हे आपण कोणत्याही ग्रंथातून सिद्ध करून घेत नाही. ते पिढ्यान्‌पिढ्यांच्या वहिवाटीने आपल्या हाडीमासी खिळलेले असते, आणि तसे ते नसते तर नित्याचा संसार चालणेच दुरापास्त झाले असते.

लोकाचाराने भागत नाही तेथे मनुष्य आपल्या अंतःकरणाला कौल लावतो. परंतु अंतःकरणाचा कौलही निर्दोष असतोच असे नाही, हे महाभारताच्या कर्णपर्वातील कौशिक ब्राह्मणाच्या कथेइतके प्रखरपणे क्वचितच कोणी सांगितले असेल. सत्यच बोलावयाचे असे या तपस्व्याचे व्रत. चोरांच्या भयाने पळालेले काही लोक त्याच्या देखत वनात शिरले, मागाहून चोर आले, त्यांनी वाट विचारली, आणि कौशिकाने व्रताला जागून ती दाखविली. लोक मारले गेले. कौशिक नरकात गेला. त्याने लोकनिंदेचे भय धरले नव्हते, स्वार्थ पाहिला नव्हता, आपल्या व्रताशी तो पूर्ण प्रामाणिक होता, आणि तरीही त्याचे चुकले.

ही कथा टिळकांनी ‘गीतारहस्या’त घेतली आहे. मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या या ग्रंथातील ‘कर्मजिज्ञासा’ हे प्रकरण म्हणजे मराठीतील नीतिविचाराचे एक महाद्वारच होय. सत्य, अहिंसा, अस्तेय यांपैकी प्रत्येकाला अपवाद कोठे आणि का उत्पन्न होतो, याची तेथे कसून छाननी आहे. दुष्काळात प्राण वाचविण्यासाठी चांडाळाघरचे अभक्ष्य मांस घेऊ पाहणारा विश्वामित्रही तेथे भेटतो. पंचहौदच्या चौकशीत धर्मशास्त्राचे दाखले देऊन आणि काशीस घेतलेल्या प्रायश्चित्ताचा आधार दाखवून आपली बाजू मांडणारे टिळक रूढीच्या कायद्यातील मातब्बर वकील होते. ‘कर्मजिज्ञासे’तील टिळक त्या कायद्याच्याही पाठीमागे जाऊन त्याची उपपत्ती शोधतात. त्यांच्याशी मतभेद असणाऱ्यानेही हे प्रकरण अवश्य वाचावे असे मला कळकळीने वाटते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हीच रेषा अधिक ठसठशीत ओढली. लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी तयार केलेल्या, परंतु अखेर न झालेल्या १९३६ सालच्या भाषणात त्यांनी नियम आणि तत्त्व यांतील भेद विशद केला. नियम ठरीव रीतीने अमुक करा असे सांगतो, म्हणून तो पाळणाऱ्यावर उत्तरदायित्व येत नाही; तत्त्व केवळ विचाराची दिशा देते, म्हणून त्याला अनुसरून केलेले कृत्य करणाऱ्याच्या पदरी जबाबदारीसह पडते. विधिनिषेधांच्या जंत्रीला धर्म म्हणण्यास त्यांनी साफ नकार दिला तो याच आधारावर.

आता रानड्यांकडे वळू. १८९२ साली त्यांनी प्रायश्चित्त घेतले. चहात पाप आहे अशी त्यांची श्रद्धा नव्हती. बहिष्काराने गांजलेल्या स्नेह्यांची कुचंबणा दूर व्हावी म्हणून त्यांनी तो कमीपणा पत्करला, आणि सुधारकपक्षातील अनेकांना ते रुचले नाही. लोकाचाराच्या दफ्तरी प्रकरण तेथेच निकाली निघाले. विवेकाच्या कसोटीवर मात्र दोन उत्तरे संभवतात: ज्यावर विश्वास नाही असा विधी करणे ही आत्मवंचना, किंवा स्नेह्यासाठी मानखंडना सोसणे ही करुणा. रानड्यांचे अंतःकरण मी दुसऱ्या बाजूने वाचतो, आणि त्यांच्याविषयीचा माझा आदर या प्रसंगाने उणावत नाही. परंतु नीतिशास्त्राचा प्रश्न त्यांच्या अंतःकरणापाशी थांबत नाही. पुढच्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाच्या न्यायासनावर बसलेल्या या पुरुषाचा शब्द साऱ्या इलाख्यात प्रमाण मानला जात होता. ज्यांच्यामागे ना पद होते ना नाव, अशा पुढील बहिष्कृतांना रानड्यांच्या नकाराचा दाखला उपयोगी पडला असता. जवळच्या स्नेह्यांचे दुःख त्यांनी तोलले तेव्हा, अजून समोर न आलेल्या या माणसांचे दुःखही त्याच तराजूत पडावयास हवे होते.