तीन लाखांवरून तीसच्या आत : बांगलादेशने चक्रीवादळातले मृत्यू कसे कमी केले, आणि याचं बिल कोण भरतंय?

१२ नोव्हेंबर १९७० ची रात्र. बंगालच्या उपसागरातून आलेलं एक चक्रीवादळ तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानच्या किनाऱ्यावर आदळलं. भोला बेट आणि आसपासची नदीच्या गाळाने तयार झालेली सखल बेटं पाण्याखाली गेली. किती माणसं मेली हे नेमकं कुणीच मोजू शकलं नाही. अंदाज तीन लाखांपासून पाच लाखांपर्यंत जातात. जगातलं सर्वात जास्त बळी घेणारं चक्रीवादळ म्हणून आजही याचीच नोंद आहे.

आता थेट मे २०२० मध्ये या. कोरोनाचा काळ, आणि समोर अम्फान चक्रीवादळ. बांगलादेशने सुमारे २४ लाख लोकांना आधीच सुरक्षित जागी हलवलं. देशातल्या मृतांचा आकडा तीसच्या आत राहिला.

आता तुम्ही म्हणाल, अम्फानचा मुख्य तडाखा तर पश्चिम बंगालला बसला होता. बरोबर आहे. पण मधले आकडेही बघा. १९९१ च्या वादळात सुमारे १ लाख ३८ हजार लोक गेले. २००७ मध्ये सिद्र वादळ थेट बांगलादेशवर धडकलं, तेव्हा सुमारे ३,४००. वादळं यायची थांबली नाहीत, मृत्यू मात्र कमी होत गेले.

हवामान बदलाच्या चर्चेत ‘अनुकूलन’ हा शब्द सारखा येतो. धूर कमी करणं हा एक भाग झाला. जे संकट आता टळणार नाही, त्याच्यासोबत जगायची तयारी करणं म्हणजे अनुकूलन. त्यासाठी श्रीमंत देश आणि आंतरराष्ट्रीय संस्था गरीब देशांना पैसा आणि तंत्रज्ञान देतात. या मदतीने कधी काम होतं आणि कधी फसतं, हे बांगलादेशइतकं स्पष्ट क्वचितच कुठे दिसेल.

इशारा होता, पण जायचं कुठे?

१९७० मध्ये वादळ येतंय हे अजिबात माहीत नव्हतं असं नाही. रेडिओवरून इशारे गेले होते. पण ते ऐकून नेमकं काय करायचं हे लोकांना कळत नव्हतं, आणि कळलं तरी चढून बसायला उंच जागाच नव्हती.

बांगलादेश स्वतंत्र झाल्यावर १९७२ मध्ये रेड क्रॉसच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या मदतीने ‘चक्रीवादळ पूर्वतयारी कार्यक्रम’ सुरू झाला. पुढच्याच वर्षी सरकारनेही त्याची जबाबदारी उचलली. कल्पना साधी होती. प्रत्येक गावात तिथल्याच लोकांमधून स्वयंसेवक निवडायचे, त्यांच्या हातात भोंगा, हाताने फिरवायचा सायरन आणि झेंडे द्यायचे. धोका वाढला की झेंड्यांची संख्या वाढते. वाचता न येणाऱ्यालाही ते कळतं.

या स्वयंसेवकांना पगार नाही. तरी आज त्यांची संख्या ७६ हजारांच्या आसपास आहे आणि त्यात निम्म्या महिला आहेत. रेडिओवरच्या अनोळखी आवाजासाठी कुणी घरदार आणि गुरं सोडून निघत नाही. पण शेजारचा ओळखीचा माणूस दारात येऊन “चला” म्हणाला, तर माणूस उठतो.

शाळा हाच निवारा

१९९१ ने या व्यवस्थेतली उणीव दाखवली. इशारा पोहोचला होता, पण निवारे फार कमी होते. मृतांमध्ये महिलांचं प्रमाण पुरुषांपेक्षा खूप जास्त होतं. मुलं आणि म्हातारी माणसं सांभाळत त्या घरातच थांबल्या. परक्या पुरुषांच्या गर्दीत, स्वतंत्र खोली नसलेल्या निवाऱ्यात जायला अनेकींना संकोच वाटत होता.

त्यानंतर निवारे बांधायचा सपाटा सुरू झाला. जागतिक बँक, जपान, जर्मनी, युरोपीय संघ, सौदी अरेबिया अशा अनेकांनी पैसा दिला. सिद्रनंतर तर एका दात्याने नाव न सांगता १३ कोटी डॉलर दिले. ते सौदीचे राजे अब्दुल्ला होते हे नंतर उघड झालं.

हुशारी दिसते ती इमारतीच्या रचनेत. बरेचसे निवारे म्हणजे खांबांवर उभ्या असलेल्या प्राथमिक शाळा आहेत. वर्षभर तिथे मुलं शिकतात, त्यामुळे इमारत वापरात राहते, दारं-खिडक्या शाबूत राहतात आणि गावातल्या प्रत्येकाला वाट पाठ असते. नव्या निवाऱ्यांत महिलांसाठी वेगळी खोली, शौचालय, आणि अनेक ठिकाणी गुरांसाठीही जागा आहे. कारण गाय मागे राहणार असेल तर शेतकरी घर सोडत नाही.

या साखळीत भारतही आहे. उत्तर हिंदी महासागरातल्या चक्रीवादळांचे अंदाज शेजारी देशांना देणारं प्रादेशिक केंद्र दिल्लीत, आपल्या हवामान खात्यात आहे. वादळांची नावंही या भागातले देश मिळून ठरवतात. ३ जून २०२० ला रायगडच्या किनाऱ्यावर आदळलेल्या ‘निसर्ग’ वादळाचं नाव बांगलादेशनेच सुचवलेलं होतं.

मदत फसते ती अशी

आता दुसरी बाजू. १९६० च्या दशकात अमेरिकेच्या मदतीने इथल्या किनाऱ्यावर मातीचे मोठे बंधारे बांधायला सुरुवात झाली. बंधाऱ्यांनी चारही बाजूंनी वेढलेल्या अशा जमिनीच्या तुकड्याला ‘पोल्डर’ म्हणतात. शब्द डच आहे. असे १३९ पोल्डर तयार झाले. खारं पाणी बाहेर राहिलं आणि पहिली काही वर्षं भात जोरात पिकला.

पण स्थानिक लोक पूर्वी ‘अष्टमासी’ बांध घालत, म्हणजे आठ महिन्यांपुरते. पावसाळ्यात पाणी आत येई, गाळ शेतात पसरे आणि जमीन हळूहळू उंच होई. कायमच्या बंधाऱ्यांनी हे थांबवलं. गाळ नदीतच साचू लागला, नदीचं पात्र वर आलं आणि पोल्डरच्या आत पावसाचं पाणी तुंबू लागलं. नैऋत्य भागात हजारो एकर जमीन वर्षानुवर्षं पाण्याखाली राहिली.

१९९० मध्ये खुलनाजवळच्या बील डाकातिया भागात लोकांनी स्वतःच बंधारा फोडला आणि भरतीचं गाळाचं पाणी आत घेतलं. नंतर हीच पद्धत ‘भरती-ओहोटी नदी व्यवस्थापन’ या नावाने सरकारी योजनांमध्ये आली. ज्यांना आधी विचारायला हवं होतं, त्यांचं म्हणणं मान्य व्हायला तीस वर्षं लागली.

पूर यायच्या आधीच पैसे

गेल्या काही वर्षांत आणखी एक प्रयोग झाला. मदत नेहमी संकटानंतर येते. तोपर्यंत माणसाने बकरी विकलेली असते, सावकाराचं कर्ज काढलेलं असतं. मग अंदाज आल्यावरच पैसे दिले तर?

जुलै २०२० मध्ये जमुना नदीला मोठा पूर येणार असा अंदाज ठरलेल्या पातळीच्या वर गेला आणि संयुक्त राष्ट्रांच्या आपत्कालीन निधीतून सुमारे ५२ लाख डॉलर मोकळे झाले. जागतिक अन्न कार्यक्रमाने २३ हजारांहून जास्त कुटुंबांना प्रत्येकी ४,५०० टाका मोबाईलवर पाठवले, तेही पूर शिगेला पोहोचण्याआधी. या पैशातून लोकांनी धान्य भरलं, औषधं घेतली, गुरं हलवली.

मिठासाठी सायरन नाही

वादळातून जीव वाचला, पण पुढे जगायचं कसं? २००९ मध्ये आयला वादळाने बंधारे फोडले आणि खारं पाणी शेतात, तळ्यात शिरलं. अनेक कुटुंबांना दीर्घकाळ बंधाऱ्यांवरच राहावं लागलं. समुद्र वर येतोय तसं विहिरी-तळ्यांतलं मीठ वाढतंय आणि प्यायच्या पाण्यासाठी बायकांची पायपीट वाढतेय. हे संकट एका रात्रीत येत नाही, म्हणून त्याची बातमीही होत नाही आणि पैसाही लवकर येत नाही.

आता पैशाचा हिशोब बघा. बांगलादेशच्या राष्ट्रीय अनुकूलन आराखड्यानुसार २०२३ ते २०५० या काळात सुमारे २३० अब्ज डॉलर लागतील. म्हणजे वर्षाला साधारण साडेआठ अब्ज. दुसरीकडे, संयुक्त राष्ट्र पर्यावरण कार्यक्रमाच्या अहवालानुसार २०२१ मध्ये सगळ्या विकसनशील देशांना मिळून अनुकूलनासाठी मिळालेला आंतरराष्ट्रीय सार्वजनिक निधी होता सुमारे २१ अब्ज डॉलर.

त्यातही मेख आहे. खुलना आणि सातखीरा जिल्ह्यांतल्या खारेपणाशी झुंजणाऱ्या कुटुंबांसाठी हरित हवामान निधीने सुमारे अडीच कोटी डॉलर दिले, ते अनुदान होतं. पण जगभरात सरकारं आणि विकास बँकांकडून येणाऱ्या हवामान निधीचा दोन तृतीयांशांहून जास्त भाग कर्जाच्या रूपात असतो. जगाच्या एकूण उत्सर्जनात बांगलादेशचा वाटा अर्ध्या टक्क्याच्या आसपास आहे. म्हणजे ज्याने धूर फारसा केला नाही, त्यानेच बंधारा बांधायला कर्ज काढायचं आणि ते व्याजासकट फेडायचं.

त्यामुळे पुढच्या वेळी ‘अमुक देशाला हवामानासाठी इतके अब्ज’ अशी बातमी टाइमलाइनवर दिसली की तीन गोष्टी नक्की शोधा. हे अनुदान आहे की कर्ज? योजना ठरवताना तिथे राहणाऱ्या लोकांना विचारलं होतं का? आणि उद्घाटनाची फीत कापून झाल्यावर देखभाल कोण करणार? खांबांवरच्या शाळांना या शेवटच्या दोन प्रश्नांची उत्तरं होती. साठच्या दशकातल्या बंधाऱ्यांना नव्हती.