औषध तेच, धोका वेगळा

फिट्सवर दिले जाणारे कार्बामाझेपिन बहुतेकांना मानवते. क्वचित कुणाला मात्र त्यातून स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम होतो: ताप येतो, तोंड-डोळे सोलवटतात, कातडी भाजल्यासारखी सुटते. जीवही जाऊ शकतो.

२००४ साली तैवानमधल्या अशा ४४ रुग्णांच्या तपासणीत सर्वांमध्ये ‘एचएलए-बी १५:०२’ हा जनुकप्रकार सापडला. त्यापासून बनणारे पेशीवरचे प्रथिन औषधाशी जोडले जाते आणि प्रतिकारशक्ती आपल्याच त्वचेवर तुटून पडते. यूरिक ॲसिडवरच्या ॲलोप्युरिनॉलचा असाच संबंध ‘एचएलए-बी ५८:०१’शी आहे.

असा जनुकप्रकार असलेल्या प्रत्येकाला हा त्रास होत नाही; तो नसला तरी गाफील राहू नये. त्याच्या रक्ततपासणीबद्दल औषध सुरू करण्याआधीच डॉक्टरांना विचारा. पहिल्या दोन-तीन महिन्यांत पुरळासोबत ताप किंवा तोंडात फोड आले, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.