टाकाऊ वस्तूंची रणभूमि

चिमुकल्या सैनिकांचा रणखेळ हा केवळ श्रीमंतांच्या मुलांचा शौक आहे, असा पुष्कळांचा समज असतो. दुकानांतील सैनिक, तयार घरें व झाडें यांच्या किंमती ऐकून विद्यार्थी हिरमुसतो आणि पालक मान फिरवितात. परंतु ज्या पुस्तकानें ह्या खेळास घरगुती रूप दिलें, त्याच्या कर्त्याची रणभूमि अगदीं साध्या वस्तूंची होती.

एच्. जी. वेल्स ह्या इंग्रज ग्रंथकारानें १९११ सालीं 'फ्लोअर गेम्स' आणि १९१३ सालीं 'लिटल वॉर्स' हीं दोन लहान पुस्तकें प्रसिद्ध केलीं. पहिल्यांत त्याच्या दोन मुलांच्या खेळांचें वर्णन आहे. त्यांत घराची जमीन हा समुद्र आणि तीवर मांडलेल्या फळ्या हीं बेटें. दुसऱ्यांत रणखेळाचे नियम आहेत. सैनिक व कमानीची तोफ हीं विकतचीं होतीं खरीं. पण प्रारंभींचा डोंगराळ मुलूख म्हणजे विश्वकोशाचे जाडजूड खंड, आणि झाडें म्हणजे उभ्या केलेल्या डहाळ्या! पायदळानें एका खेपेस १ फूट व घोडदळानें २ फूट चालावें, असा नियम असे. अंतर मोजण्यास दोरीचा तुकडा पुरतो.

ह्या खेळांत पैशापेक्षां प्रमाणाचें ज्ञान अधिक उपयोगी पडतें. १:७२ हें एक प्रचलित प्रमाण घेऊं. ६ फूट म्हणजे ७२ इंच. म्हणून ६ फूट उंचीचा मनुष्य येथें बरोबर १ इंचाचा होतो. आम्हीं प्रथम आगपेटी आडवी ठेवून झोपडी केली, तों तिची भिंत सैनिकाच्या कमरेपर्यंतच आली! मग हिशेब केला. पेटी सुमारें २ इंच लांब, दीड इंच रुंद व अर्धा इंच जाड असते. तशा तीन पेट्या कडेवर उभ्या करून एकमेकींस चिकटविल्या, तेव्हां १२ फूट लांब, ९ फूट रुंद व ९ फूट उंच अशी खोली तयार झाली. गणिताचा तास इतका गोड आम्हांस पूर्वीं कधींच वाटला नव्हता.

एकदां अशी दृष्टि आली, म्हणजे घरांतील केराची टोपलीहि कोठार वाटूं लागते. खोक्याच्या पन्हळी पुठ्ठ्याचा वरचा कागद ओलसर करून सोलावा. आंतील पन्हळी म्हणजे पत्र्याचें छप्पर. गाळून उरलेली चहाची पूड उन्हांत कडकडीत वाळवावी, नाहीं तर तीस बुरशी येते. डिंकावर भुरभुरली कीं नांगरलेली जमीन दिसूं लागते. वाळक्या डहाळीस जुन्या स्पंजाचे हिरवे रंगविलेले तुकडे चिकटविल्यास वृक्ष होतो. जाड कागदावर १ इंचाचे सैनिक काढून, कापून, बाटलीच्या झांकणावर उभे करावे. झांकणांत थोडी माती भरल्यास ते कलंडत नाहींत. एक सावधगिरी मात्र अवश्य पाळावी : जुन्या बाजारांत शिशाचे सैनिक मिळाल्यास ते घांसूं किंवा वितळवूं नयेत. शिशाची धूळ व वाफ विषारी असते.

आपणांस ही कला अगदींच परकी नाहीं. दिवाळींत दगडमातीचा किल्ला रचून, त्यावर आळींव पेरून, मातीचे मावळे उभे करणारा मुलगा हेंच करीत असतो. फरक इतकाच कीं, किल्ला पाहण्यासाठीं असतो आणि येथें नियमांनीं डाव खेळावयाचा असतो.

पालकांस शंका येईल कीं, मुलांस युद्धाची गोडी कशास लावावी? वेल्सचें उत्तर त्याच्या पुस्तकाच्या अखेरीस आहे. हा खेळ तीनचार वेळां खेळणारास खरें युद्ध किती प्रमादांनीं भरलेलें असेल तें कळून येतें, असा त्याचा अभिप्राय होता. पुढच्याच वर्षीं, १९१४ सालीं, पहिलें महायुद्ध भडकलें. आमच्या डावांतहि चुका होतात, पलटणी बुडतात; पण सायंकाळीं सारे सैनिक पेटींत परत येतात. खऱ्या रणांगणावर तसें होत नाहीं, हें ज्या मुलानें स्वतःच्या हातांनीं सैनिक कापले व रंगविले, त्यास कोणीं निराळें शिकवावें लागत नाहीं.