एका माशाला चाळीस लिटर

काकांनी बादलीत दोन बोटं बुडवली आणि नाकाशी नेली. "ब्लीचिंग आहे अजून. आज नको घालायला," म्हणाले, आणि बादली तशीच उघडी ठेवून टाकीची काच पुसायला लागले.

नगरच्या सावेडीतल्या शेजारणीचा डबा परत द्यायला मी गेले होते, ती दारातच थांबले. दर पंधरवड्याला माशांची टाकी साफ करायला येणारे हे काका मी येता-जाता पाहिले होते. मोपेडला अडकवलेली नळी, दोन बादल्या, एक जुना टॉवेल. पण पाण्याचा वास घेताना त्यांना पहिल्यांदाच पाहिलं, आणि मला आमची दिवाळी आठवली. आवराआवरीत मी टाकी पूर्ण रिकामी केली होती. वाळू, खडे, फिल्टरचा स्पंज, सगळं नळाखाली घासून लख्ख केलं आणि ताजं नळाचं पाणी भरलं. काच नव्यासारखी चमकत होती. पाडव्याच्या सकाळी तिन्ही गोल्डफिश तळाशी आडवे पडले होते. धाकटीने विचारलं, "आपण तर स्वच्छ केलं होतं ना?" तिला द्यायला माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते शोधायलाच पुढचे दोन रविवार मी काकांबरोबर फिरले.

पहिल्याच घरी ते मिळालं. काकांनी टाकीतलं पाणी नळीने बादलीत ओढलं, फक्त पाव हिस्सा. मग स्पंज काढून त्याच बादलीत हलक्या हाताने दोनदा पिळला. चहासारखं तपकिरी पाणी निघालं. मी म्हटलं, अजून घाण आहे. "राहू द्या ताई. ते विरजण आहे," काका म्हणाले.

विरजणच. मासा कल्ल्यांवाटे अमोनिया सोडतो आणि साठला की तोच त्याला जाळतो. स्पंजमध्ये, खड्यांवर वाढलेले जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे जिवाणू त्याचं बरंच सौम्य नायट्रेट करतात, आणि ते पाव हिस्सा पाणी बदललं की कमी होतं. नव्या टाकीत हे जिवाणू बसायला चार ते सहा आठवडे लागतात. मी ते एका दुपारी नळाखाली धुऊन टाकले होते, वर क्लोरीनचं पाणी ओतलं होतं. कुणी नवीन टाकी मांडली की काका जुन्या, निरोगी टाकीतला स्पंजाचा तुकडा तिच्यात सोडतात. विरजण लावतात.

नगरच्या पाण्याचं त्यांचं गणित वेगळंच आहे. मुळा धरणातून येणाऱ्या नळाच्या पाण्याला ब्लीचिंगचा वास असतो, म्हणून ते पिंपात चोवीस तास उघडं ठेवायचं किंवा क्लोरीन मारणारे थेंब टाकायचे. बोअरचं पाणी जड. टाकीच्या काठावर क्षारांची पांढरी रेघ उमटते. जड पाणी गोल्डफिशला तसं मानवतं, पण त्यात एक धोका आहे: त्याचा सामू (पीएच) बहुधा जास्त असतो. २५ अंशांच्या पाण्यात सामू ७ असेल तर शंभर भाग अमोनियातला एक भागही विषारी रूपात नसतो. सामू ८ झाला की तोच पाच भागांवर जातो. तेवढीच घाण, तेवढाच मासा, पण बोअरच्या टाकीत मरण लवकर येतं. काकांना सामू हा शब्द लागत नाही. "बोअरवाल्यांनी दाणा निम्माच टाकायचा," एवढंच ते सांगतात. गोल्डफिशला जठर नसतं, पोट भरल्याचं त्याला कळत नाही. काचेशी येऊन तो तोंड हलवतो, आपल्याला वाटतं भूक लागली, आणि आपण चिमूट टाकतो.

"एका माशाला चाळीस लिटर." हा आकडा त्यांनी प्रत्येक घरी उच्चारला. पाणी दिवसाआड येणाऱ्या गल्लीत चाळीस लिटर म्हणजे दोन मोठे हंडे, म्हणून लोक हसतात. काका हसत नाहीत. दुकानात मिळणाऱ्या गोल काचेच्या भांड्यात चारेक लिटर मावतं. साधा गोल्डफिश नीट वाढला तर वीतभराहून मोठा होतो आणि दहा-पंधरा वर्षं सहज जगतो. इंग्लंडमध्ये १९५६ साली जत्रेत बक्षीस मिळालेला टिश नावाचा गोल्डफिश १९९९ पर्यंत, त्रेचाळीस वर्षं जगला. आपल्याकडे वाढदिवसाला आणलेला मासा पुढच्या वाढदिवसापर्यंत टिकला तर नवल. रोम शहराने २००५ मध्ये अशा गोल भांड्यांवर बंदी घातली. ती आपल्याकडेही यायला हवी, असं मला मनापासून वाटतं. चाळीस लिटर देता येत नसतील तर मासा आणू नये.

दुसऱ्या रविवारी आम्ही पारनेर तालुक्यात एका शेतकऱ्याच्या शेततळ्यावर गेलो. प्लास्टिकचा कागद अंथरलेलं तळं, डाळिंबासाठी साठवलेलं पाणी, आणि त्यात मुलाच्या हौसेने सोडलेले गोल्डफिश. हिरव्या पाण्यात केशरी पाठी दिसत होत्या, टाकीतल्यापेक्षा दुप्पट मोठ्या. शेतकऱ्याची तक्रार होती की पहाटे मासे वर येऊन तोंड उघडतात. काकांनी पाण्याकडे बघितलं. शेवाळ दिवसा प्राणवायू सोडतं आणि रात्री तोच ओढून घेतं, त्यामुळे सूर्य उगवायच्या आधी पाणी सर्वात गुदमरलेलं असतं. त्यात उन्हाळा. २० अंशांच्या पाण्यात मावणारा प्राणवायू ३० अंशांवर जवळजवळ सहाव्या हिश्शाने घटतो. उपाय साधा निघाला: पहाटे मोटर तासभर चालवून तळ्याचंच पाणी वरून धारेने परत तळ्यात पाडायचं. वीज नसेल तेव्हा घरच्या टाकीलाही काका हेच सांगतात, मग्याने पाणी उचलून उंचावरून सोडत राहा. बगळ्यासाठी जाळी बांधा म्हणाले. आणि निघताना, जरा आवाज चढवून, "नदीत, ओढ्यात मात्र सोडू नका हे. तिथले मासे संपवतील."

परतताना फराहबागेपाशी थांबलो. निजामशाहीतला हा महाल तलावाच्या मधोमध बांधला होता, कापूरवाडीसारख्या आसपासच्या गावांकडून खापरी नळांनी शहरात पाणी यायचं. आता भोवती कोरडी जमीन आहे. काका बराच वेळ त्या खोलगट जमिनीकडे बघत उभे होते. "इथं किती लिटर मावत असेल हो?" त्यांनी विचारलं.

गेल्या महिन्यात मी पुन्हा टाकी मांडली. ऐंशी लिटर, दोन मासे, काकांनी दिलेला स्पंजाचा तुकडा. त्यातला एक मासा कुणाच्या तरी गोल भांड्यातून सोडवून आणलेला, शेपटीत लाल शिरा उमटलेला, कोपऱ्यात पंख मिटून बसणारा. तीन आठवड्यांनी त्याच्या पंखांच्या कडा काळ्या पडायला लागल्या. मी घाबरून काकांना फोन केला. ते संध्याकाळी आले, टाकीपुढे उकिडवे बसले, आधी बोटं बुडवून वास घेतला, मग माशाकडे बघितलं.

"जळलेलं भरून येतंय ताई," म्हणाले. "आपल्याला खपली धरते ना, तसं काळं येतं त्याला. जाईल ते."

धाकटी काचेला नाक लावून ती काळी कड मोजत होती. जिन्यात उद्यासाठी भरलेलं पिंप उघडं होतं.