जुन्नर-आंबेगावच्या परसबागेतील ॲस्टर : घरचे बी आणि रंगाची निश्चिती

दसऱ्याच्या हारातील झेंडू वाळवून त्याचे बी परसात टाकण्याची रीत जुन्नर व आंबेगाव तालुक्यांतील अनेक घरांत आढळते. रोपे उगवतात, फुलेही येतात. परंतु ती मूळ फुलासारखी टपोरी नसतात, काही तर एकेरीच निघतात. दोष मातीला दिला जातो. वास्तविक कारण बियात असते. बाजारातील झेंडू पुष्कळदा संकरित असतो आणि संकरित वाणाच्या पुढील पिढीत गुणांचे विभाजन होते. उत्तर अमेरिकेतील एकिनेशिया या सूर्यफूल-कुळातील वनस्पतीच्या रंगीत संकरित प्रकारांचीही हीच गत आहे.

ठरावीक रंग घरच्याच बियांतून दरवर्षी हवा असेल, तर त्याच कुळातील चिनी ॲस्टर अधिक भरवशाचा ठरतो. ज्याला आपण एक फूल म्हणतो, तो येथे अनेक लहान पुष्पकांचा समूह, म्हणजे स्तबक असतो. त्याच्या मध्यभागातील पुष्पके द्विलिंगी असून परागण बहुतांशी स्वकीय असते. त्यामुळे पांढऱ्याच्या बियांतून प्रायः पांढराच ॲस्टर येतो. तथापि कीटकांमुळे थोडे परपरागण घडतेच. म्हणून बियांसाठी राखलेल्या कळीवर ती उमलण्यापूर्वी मलमलीची पिशवी बांधावी. आरंभी बी मात्र शुद्ध वाणाचे घ्यावे. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे 'फुले गणेश' मालिकेतील व्हाइट, पिंक, व्हायोलेट व पर्पल हे वाण या दृष्टीने उपयुक्त आहेत.

पेरणीचा काळ दोन्ही तालुक्यांत सर्वत्र सारखा ठेवता येत नाही. मंचर, नारायणगाव या पूर्वेकडील भागात जूनमध्ये गादीवाफ्यावर बी टाकल्यास दसरा-दिवाळीच्या सुमारास फुले मिळतात. भीमाशंकर वा नाणेघाटाकडील पावसात कोवळी रोपे कुजतात. तेथे पाऊस ओसरल्यावर पेरून हिवाळी बहर घेणे इष्ट. बी अर्ध्या सेंटिमीटरहून खोल जाऊ नये. साधारणतः ८ ते १० दिवसांत उगवण होते. चार-पाच पाने आलेली, महिनाभराची रोपे सायंकाळी ३० सेंटिमीटर अंतरावर लावावीत.

ॲस्टरचा खरा शत्रू मर रोग होय. त्याची बुरशी जमिनीत वर्षानुवर्षे टिकते. हिरवे रोप पाण्याअभावी सुकल्यासारखे दिसते, घरचे लोक अधिक पाणी घालतात आणि रोप वाचत नाही. असे रोप मुळासह उपटून जाळावे व त्या जागी पुढील काही वर्षे ॲस्टर लावू नये. अंगण लहान असल्यास कुंडी बरी, कारण तिच्यातील माती बदलता येते.

बियांसाठी पहिल्या बहरातील, निरोगी रोपावरची फुले राखावीत. स्तबक तपकिरी होऊन त्यावर पांढरट तंतू दिसू लागले की ते खुडून सावलीत वाळवावे. ॲस्टरचे बी अल्पायुषी असते. वर्ष उलटल्यावर त्याची उगवणशक्ती झपाट्याने घटते. बाटलीवर रंगासोबत महिना व वर्षही लिहावे आणि ते बी पुढच्याच हंगामात पेरावे.