बैठक किती खोल?

  हुबळीच्या दुर्गदबैलात बाजार आहे. सकाळी भाजीवाल्या मावश्या पाट्यांमागे उकिडव्या बसलेल्या दिसतात. टाचा जमिनीला, मांड्या पोटऱ्यांना टेकलेल्या. वजन करायला उठतात तेव्हा हाताचा आधार घेत नाहीत. तिथून जिममध्ये जावं तर खांद्यावर 100 किलो घेतलेला विशीतला मुलगा स्क्वॉट मारताना जेमतेम वीतभर खाली जातो आणि वर येतो. त्याच्या मांड्या भरतात, हे खरं. बाकीचं काय?

याचं नेमकं उत्तर 2019 मध्ये जपानमधल्या कुबो आणि सहकाऱ्यांनी दिलं. 17 तरुणांनी 10 आठवडे, आठवड्यातून दोनदा स्क्वॉट मारले. काहींनी गुडघा 90 अंशांत मिटेपर्यंत, काहींनी 140 अंशांपर्यंत, म्हणजे जवळजवळ उकिडवं बसेपर्यंत. मांडीचे पुढचे स्नायू दोन्हीकडे जवळपास सारखेच वाढले: अर्ध्या स्क्वॉटने 4.6 टक्के, पूर्णने 4.9. पण नितंबाचा मोठा स्नायू अर्ध्याने 2.2 टक्के वाढला, पूर्णने 6.7. मांडीच्या आतल्या बाजूचे स्नायू 2.7 आणि 6.2.

कारण सांध्यात आहे. जितकं खाली जावं तितका खुब्याचा सांधा मिटतो आणि नितंबाचा स्नायू ताणला जातो. तिथून शरीर वर उचलायचं काम त्याला आणि आतल्या मांडीला करावं लागतं. वरच्या वर उठबस केली तर त्यांच्यावर तेवढा भार येत नाही. मांडीच्या मागचे हॅमस्ट्रिंग स्नायू मात्र दोन्ही प्रकारांत वाढले नाहीत. ते खुबा आणि गुडघा अशा दोन सांध्यांवरून जातात. उठताना एका टोकाला आखडतात, दुसऱ्या टोकाला लांबतात. त्यांच्यासाठी डेडलिफ्टसारखा वेगळा व्यायामच हवा.

तालमीतली बैठक आणखी निराळी. हुबळीत तालमीला गरडी मने म्हणतात, पण बैठक तीच: खाली जाताना टाचा उचलतात, चवड्यांवर तोल येतो, गुडघे पुढे जातात. त्यामुळे मांडीच्या पुढच्या बाजूवर भार वाढतो. खोली पूर्ण, वजन अंगाचंच, आणि संख्या शेकड्यांत. दमसास आणि चिवटपणा त्यातून येतो. ताकदीसाठी पुढे वजन लागतंच, पण खोलीची सवय तिथे आधी लागते, आणि मला तो क्रम मोलाचा वाटतो.

खोल बैठकीने गुडघा बिघडेल ही भीती जुनी आहे. 1961 मध्ये अमेरिकेत कार्ल क्लाइन यांनी खोल बैठकांनी गुडघ्याचे बंध सैल होतात असं मांडलं. पुढच्या मोजमापांत ते टिकलं नाही. गुडघा पायाच्या बोटांपुढे नको, हाही सल्ला अर्धाच. 2003 च्या एका प्रयोगात फळी लावून गुडघे अडवले, तेव्हा गुडघ्यावरचा पीळ पाचव्या हिश्शाने घटला, पण खुब्यावरचा दहापटीहून जास्त वाढला. गुडघा आधीच दुखावलेला असेल, किंवा तळाशी कंबर गोल होत असेल, तर तेवढी खोली टाळावी. निरोगी माणसाने टाळायचं कारण मला दिसत नाही.

मी स्वतः दोन वर्षं 90 किलोने अर्धे स्क्वॉट मारत होतो. पहिल्यांदा पूर्ण खाली गेलो तेव्हा 50 किलोवरच अडकलो आणि दुसऱ्या दिवशी जिना उतरताना आतल्या मांड्या बोलत होत्या. आता बार रिकामा ठेवून सुरुवात करतो, तळाशी क्षणभर थांबतो, मग चकत्या चढवतो.